एफएससीचा शिक्का गिऱ्हाईक बघतही नाही, मग कंपन्या त्यासाठी पैसे का घालवतात?

पाचोळा:
परवा घरात पसारा आवरताना सहज मोजलं. दुधाचा खोका, मुलीची वही, टिश्यूचं पाकीट, बुटांचा बॉक्स, सगळ्यांवर ते झाड आणि बरोबरची खूण असलेलं एफएससीचं (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगल नीट सांभाळून आणलेल्या लाकूड-कागदाला सर्टिफिकेट देणारी संस्था) चिन्ह. आजवर माझं लक्षच गेलं नव्हतं, आणि तो लोगो बघून वही घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मग कंपन्या ऑडिट, फी, कागदपत्रं एवढा खटाटोप का करतात? जंगलाचा पुळका की नुसती जाहिरात? कोणी या धंद्यात असेल तर सांगा.

कागदीघोडा:
मी खोके छापणाऱ्या कंपनीत आहे आणि आमचं सर्टिफिकेट माझ्याच गळ्यात पडलंय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे :) पुळका बिळका काही नाही हो. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाने एक दिवस मेल टाकली की पुढच्या ऑर्डरपासून सगळं पॅकिंग सर्टिफाइड पाहिजे, झालं, मालकांनी दुसऱ्याच दिवशी मला कामाला लावलं.

यातली मेख अशी की ही साखळी आहे. जंगलाचं सर्टिफिकेट वेगळं आणि त्यापुढे लाकूड ज्याच्या ज्याच्या मालकीचं होत जातं त्यांचं 'चेन ऑफ कस्टडी' वेगळं. लगदा करणारा, कागद बनवणारा, व्यापारी, मग आम्ही. मधल्या एकाकडे ते नसेल तर तिथे साखळी तुटली, मग कागद कितीही चांगल्या जंगलातला असो, पुढच्याला लोगो छापता येत नाही. म्हणजे वरच्या एका बड्या कंपनीने हट्ट धरला की खालच्या सगळ्यांना घ्यावंच लागतं. दुकानातलं गिऱ्हाईक त्यात कुठेच नाही.

ऑडिट दरवर्षी, सर्टिफिकेट पाच वर्षांचं. गेल्या खेपेला ऑडिटरबाईंनी गोडाऊनमधल्या रिळांकडे एक नजर टाकली आणि थेट बिलांची फाईल मागितली. तीन बिलांवर आमचा सर्टिफिकेट नंबर होता पण मालापुढे 'एफएससी मिक्स क्रेडिट' हे शब्दच नव्हते, अकाउंटवाल्याने जुना फॉरमॅट वापरला होता. कागद अगदी अस्सल, तरी ताशेरा बसला! नुसता नंबर असून चालत नाही, कारण सर्टिफिकेटवाली कंपनी साधा मालही विकतेच की, कुठला माल सर्टिफाइड हे बिलावरच कळायला हवं.

रंधा:
कागदीघोड्याचं बरोबर आहे पण ते वरचे मोठे लोक तरी हट्ट का धरतात? माझ्या मते भीती. अमेरिकेचा लेसी कायदा 2008 साली वाढवून त्यात चोरट्या तोडीच्या लाकडावरची बंदी आणली. मग लंबर लिक्विडेटर्स ही फरशीवाली कंपनी सापडली, 2015 मध्ये गुन्हा कबूल केला आणि दंडबिंड धरून 1 कोटी 30 लाख डॉलरच्या वर भरले. युरोपचा 2023 चा कायदा तर म्हणतो 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा माल नकोच, आणि ती जमीन कुठे आहे त्याचे अक्षांश-रेखांश द्या. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलत चाललेत ती गोष्ट वेगळी. सर्टिफिकेट दाखवलं म्हणून या कायद्यातून सुटका होत नाही हां, चौकशी स्वतःच करावी लागते, फक्त निम्मी कागदपत्रं आधीच तयार असतात.

शिवाय बदनामी. 2011 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने बार्बीच्या खोक्यावरून ती बाहुली बनवणाऱ्या मॅटेलची अशी काही अब्रू काढली की बाहुलीचं राहिलं बाजूला, लोक पुठ्ठ्याबद्दल बोलत होते. त्याच वर्षी मॅटेलने कागद खरेदीचे नियम बदलले.

करवंद:
सगळं खरं, पण शिक्का म्हणजे सोवळं नव्हे. एफएससी 1993 ला सुरू झालं, आदल्या वर्षी रिओच्या पर्यावरण परिषदेत सरकारांचं जंगलांच्या करारावर एकमत होईना म्हणून. ग्रीनपीस तेव्हापासून त्यात होती, पण ग्रीनपीस इंटरनॅशनल 2018 ला बाहेर पडली. आणि 'मिक्स' नीट समजून घ्या. क्रेडिट पद्धतीत जेवढा सर्टिफाइड कच्चा माल घेतला तेवढ्या हिशोबाचा तयार माल मिक्स म्हणून विकता येतो, तुमच्या हातातल्या वहीत तोच लगदा असेल असं नाही. उरलेला माल 'कंट्रोल्ड वुड' लागतो, म्हणजे चोरीचा नको, लोकांचे हक्क तुडवून आणलेला नको वगैरे, तेवढीच अट.

पाचोळा:
म्हणजे मी वही बघून काहीच ठरवू शकत नाही?

कागदीघोडा:
ठरवता येतं की. आधी लोगोखाली 100%, मिक्स का रिसायकल्ड ते वाचा, 100% म्हणजे सगळा माल सर्टिफाइड जंगलातला. मग सी अक्षर आणि सहा आकडे असा कोड असतो, तो एफएससीच्या साइटवर टाकला की कोणाचा आहे आणि चालू आहे का ते दिसतं. कोडच नसेल तर तो लोगो कोणीतरी नेटवरून उचललाय असं समजा, आमच्याकडे असं डिझाइन घेऊन येणारे महिन्याला एक-दोन असतातच.

पाचोळा:
बघितलं. वहीवर मिक्स आहे आणि कोडही चालू निघाला. बुटांच्या बॉक्सवर नुसतंच झाड, कोड नाही.