मदत हवी आहे : एका छायाचित्रावरून बसचा काळ कसा ठरवावा?

प्रासंगिक करारावर बसगाड्या देणाऱ्या आमच्या कौटुंबिक व्यवसायाचा इतिहास मी लिहीत आहे. गाड्यांवर रंगवले जाणारे स्थापनावर्ष आणि कंपनीच्या नोंदणीचे वर्ष यांत अकरा वर्षांचे अंतर आहे. पहिली गाडी एखाद्याच्या वैयक्तिक नावावर, मग भागीदारी आणि शेवटी कंपनी, असा क्रम अशा व्यवसायांत पुष्कळदा असतो. त्यामुळे मला रंगवलेले वर्ष खोटे वाटत नाही, पण त्याला पुरावा हवा.

परवाने, विम्याच्या पावत्या आणि हिशेबाच्या वह्या पाहून झाल्या. त्या सर्व नोंदणीनंतरच्या आहेत. वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, पण त्या परस्परांशी जुळत नाहीत. उरले आहे पहिल्या बसचे एकमेव छायाचित्र. त्यात क्रमांकाची पाटी अस्पष्ट आहे आणि ते अल्बममध्ये पक्के चिकटवलेले असल्याने मागची बाजू पाहता येत नाही. गाडी आता अस्तित्वात नाही.

खरी अडचण अशी की त्या काळी चॅसिस, म्हणजे इंजिन व चाके असलेली खालची चौकट, एका कारखान्याची आणि तिच्यावरची बॉडी दुसऱ्याने बांधलेली असे. ब्रिटनमध्ये तर १९२०च्या दशकात एकाच चॅसिसवर आठवडाभर मालवाहू बॉडी आणि सुटीच्या दिवशी सहलीच्या बाकांची बॉडी चढवणारे व्यावसायिक होते. म्हणून केवळ बॉडीच्या घडणीवरून वर्ष ठरवण्यास मी धजत नाही.

रेडिएटर, दिवे, चाके आणि खिडक्यांच्या चौकटी यांपैकी कशावरून गाडीच्या काळाची अलीकडची व पलीकडची मर्यादा भरवशाने ठरवता येईल?