गोडाऊनच्या कॉम्प्युटरची वायर निघालीय का, हे काउंटरवरून कळेल असं काहीतरी सुचवा (बजेट १००० च्या आत)

पेठेतला_पोरगा (सांगली)
नमस्कार मंडळी. गणपती पेठेत आमचं घाऊक किराणा दुकान आहे. काउंटरवर दोन कॉम्प्युटर, आप्पांच्या केबिनमध्ये एक आणि बोळापलीकडं गोडाऊनमध्ये एक. बिल काउंटरवर होतं, मालाची चिठ्ठी गोडाऊनच्या प्रिंटरवर निघते आणि ती बघून हमाल टेम्पो भरतात. अडचण अशी की पोती ओढताना तिथली लॅनची (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी) वायर निसटते आणि कुणाला पत्ता नसतो. मी इकडं बिलावर बिल मारतोय, टेम्पोवाला तिकडं तंबाखू मळत बसलाय. बऱ्याच वेळानं कुणीतरी येऊन विचारतं, ‘शेठ, चिठ्ठ्या बंद केल्या काय?’

चारही वायरी जिथं येतात तो स्विच साधा, आठ पोर्टचा (पोर्ट म्हणजे वायर खोचायची खाच, वायर लागलेली असली की तिथला दिवा लागतो). २०१९ च्या महापुरानंतर माळ्यावर चढवलाय, तोंड भिंतीकडं, त्यामुळं खालून दिवे दिसत नाहीत. वायरी मोजून मापून कापलेल्या, स्विच फिरवायला जागा नाही. मला एवढंच हवंय की गोडाऊनची वायर लागलेली आहे का निघालीय, हे बसल्या जागी कळावं. हजाराच्या वर आप्पा देणार नाहीत.

रॅकवाला_कुपवाड
साधा स्विच पहिला काढून टाका. मॅनेज्ड घ्या. आमच्या इथं एमआयडीसीत मी चोवीस पोर्टचा बसवलाय. ब्राउझरमध्ये उघडला की कुठला पोर्ट चालू, कुठला बंद सगळं समोर. पोर्ट पडला की मला मेल येतो. वायर आत कुठं तुटली तर किती मीटरवर तुटली तेसुद्धा सांगतो, पल्स सोडून ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून. तुम्हाला आठ पोर्टचा स्मार्ट स्विच तीन-चार हजारात बसेल.

पेठेतला_पोरगा
दादा, बजेट वर लिहिलंय.

रॅकवाला_कुपवाड
हजारात आजकाल मोबाईलचा चांगला चार्जर येतो, भावा.

क्रिम्पिंग_किंग_मिरज
दोन-अडीचशेचा लॅन टेस्टर घ्या, विषय संपला. एक डबी इकडच्या टोकाला, एक तिकडच्या. एक ते आठ दिवे ओळीनं लागले की वायर ओके. माझा कॉलेजपासूनचा आहे, अजून ठणठणीत. नऊ व्होल्टची बॅटरी तेवढी काढून ठेवत जा, नाहीतर फुटून आत सगळं हिरवं होतं.

वाळव्याचा_वाघ
टेस्टरच घ्या. बाकी खर्चात पडू नका.

जुना_ऑपरेटर
टेस्टर लावायला वायर दोन्हीकडून काढावी लागते. म्हणजे वायर निघालीय का हे बघायला आधी वायर काढायची? वायर आतून शाबूत आहे का, एवढंच टेस्टर सांगतो. धागाकर्त्याचा प्रश्न तो नाहीच.

सीसीटीव्हीवाला_विटा
टेस्टरवरून आठवलं. कॅमेऱ्याच्या चालू स्विचला टेस्टर लावू नका कुणी. वायरीतून करंट देणारे काही स्वस्त स्विच समोर काय लावलंय हे न बघता करंट सोडतात. आमच्या पोरानं लावला, टेस्टरचे चार-पाच नंबरचे दिवे कायमचे गेले. तिखट वास आला म्हणून कळलं तरी.

क्रिम्पिंग_किंग_मिरज
त्यांच्याकडं कॅमेरेच नाहीत, हे मध्येच कशाला?

सीसीटीव्हीवाला_विटा
गोडाऊन आहे आणि कॅमेरे नाहीत? मग ते बसवा पहिलं. गोडाऊन मोबाईलवर दिसेल, वायर पण दिसेल. चार कॅमेऱ्यांचा सेट सांगू का?

कोयनाकाठ (कराड)
वायरच नको. वायफायचा डोंगल घ्या पाचशेचा. आमच्या मेडिकलमध्ये आहे, कधी त्रास नाही.

पेठेतला_पोरगा
करून बघितलं. गोडाऊनला लोखंडी शटर आणि आत तेलाच्या डब्यांची थप्पी छतापर्यंत. सकाळी थप्पी कमी असली की रेंज येते, दुपारी माल उतरला की गेली.

कोयनाकाठ (कराड)
मग डबे दुसरीकडं लावा.

जुना_ऑपरेटर
पैसे न घालता होईल असं सांगतो. आधी एक समजून घ्या. काउंटरवरचा कॉम्प्युटर फक्त स्वतःच्याच वायरीबद्दल बोलतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची काळी खिडकी) आयपीकॉन्फिग मारलं आणि ‘मीडिया डिसकनेक्टेड’ आलं, तर ती काउंटरची वायर. गोडाऊनची निघाली तर ते गोडाऊनच्याच स्क्रीनवर येणार, खाली कोपऱ्यात. तिथं बघतोय कोण?

म्हणून काउंटरवरून गोडाऊनच्या मशिनला पिंग (‘आहेस का?’ अशी विचारणा) लावून ठेवा. पिंग, स्पेस, त्या मशिनचा आयपी (नेटवर्कवरचा नंबर), स्पेस, मायनस टी. म्हणजे ते थांबत नाही. वायर निघाली की रिप्लाय बंद. पण एक बघा, नुसतं ‘रिप्लाय फ्रॉम’ दिसलं म्हणून खूश होऊ नका. पुढं तुमच्याच मशिनचा आयपी असेल आणि ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असेल, तर तो रिप्लाय नव्हे. तुमचंच मशिन तुम्हाला सांगतंय की समोरचा सापडत नाही. यात भलेभले फसतात.

पेठेतला_पोरगा
लावलं. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतंय. पळत जाऊन बघून आलो, वायर तर लागलेली आहे आणि चिठ्ठ्या पण निघतायत.

जुना_ऑपरेटर
विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी सोय) पिंग अडवते. गोडाऊनच्या मशिनवर नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. मग फायरवॉलच्या इनबाउंड नियमांत फाइल अँड प्रिंटर शेअरिंगमधला एको रिक्वेस्टचा, म्हणजे पिंगचा, नियम चालू करा. आणि त्या मशिनचा आयपी पक्का करून ठेवा, नाहीतर उद्या बदलेल आणि तुम्ही भलत्यालाच पिंग माराल.

लिनक्सप्रेमी_सातारा
एवढा घोळ विंडोजवरच. लिनक्सला सिस, क्लास, नेट असे एकात एक फोल्डर, मग नेटवर्क कार्डाचं नाव, त्यात कॅरियर नावाची फाइल असते. वाचली की वायर लागलेली असेल तर १, नसेल तर ०. कार्ड बंद करून ठेवलं असेल तर मात्र वाचताना एरर येते. एथटूल नावाच्या कमांडमध्ये ‘लिंक डिटेक्टेड’ येस का नो, तेही मिळतं. गोडाऊनच्या मशिनवर चार ओळींची स्क्रिप्ट टाका, शून्य झालं की बझर वाजव म्हणून.

वाळव्याचा_वाघ
किराणा दुकानात लिनक्स कोण बसवतंय?

लिनक्सप्रेमी_सातारा
माहिती म्हणून सांगितलं. वायर लागलीय हे कार्डाला कळतं कसं, तेही वाचा. कार्ड आणि स्विच एकमेकांना साधारण दर १६ मिलिसेकंदांनी बारीक पल्स सोडतात, स्पीड ठरवायला. त्या येत नसतील तर कार्ड म्हणतं लिंक नाही. म्हणजे प्लग खटकन बसलाय का हे कार्डाला कळत नाही, पलीकडं कुणीतरी जिवंत आहे का एवढंच कळतं. माळ्यावरच्या स्विचची लाईट गेली तरी विंडोज ‘केबल अनप्लग्ड’च म्हणणार.

पेठेतला_पोरगा
हे मात्र माहीत नव्हतं. मागं लाईट गेल्यावर चारीही मशिनवर तसंच आलं होतं. वायरमन येऊन सगळे प्लग काढून घालून पैसे घेऊन गेला.

क्रिम्पिंग_किंग_मिरज
वायर कुठली आहे? कॅट फाइव्ह-ई असेल तर काढून त्यावरचा प्रकार, कॅट सिक्स टाका.

रॅकवाला_कुपवाड
फाइव्ह-ई गिगाबिटला (हजार एमबीपीएस स्पीडला) शंभर मीटर चालते. बोळापलीकडं जायला सिक्स कशाला? फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नसावी. ती दोनदा वाकली की आत तुटते.

क्रिम्पिंग_किंग_मिरज
तसंही आठातल्या चारच तारा लागतात.

रॅकवाला_कुपवाड
शंभर एमबीपीएसला चार. गिगाबिटला आठही. आधी वाचत जा.

क्रिम्पिंग_किंग_मिरज
मी वायरी वाचत नाही, टाकतो. सांगली-मिरजेत निम्म्या दवाखान्यांत माझंच काम आहे.

भडंगप्रेमी
विषय सोडून विचारतो. पेठेत घाऊक दुकान म्हणजे भडंगाचे चुरमुरे पोत्यानं मिळतील का? पुण्यात मिळतात ते दातात चिकटतात.

तासगावची_ताई
एवढं सगळं वाचलं, पण वायर निसटते कशामुळं हे कुणी विचारलंच नाही. प्लगवरची प्लॅस्टिकची जीभ तुटली असणार. ती असली की ओढून वायर तुटेल पण प्लग निघायचा नाही. नवा प्लग दहा-पंधरा रुपयांना. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये पोरं ती जीभ मोडायचीच. शेवटी भिंतीवर बॉक्स बसवून घेतले, मुख्य वायर बॉक्सच्या मागं कायमची, बॉक्सपासून कॉम्प्युटरपर्यंत हातभर तुकडा. ओढलं तरी तुकडाच जातो. तुमच्या बजेटमध्ये बसतं.

वाळव्याचा_वाघ
बॉक्समध्ये उंदीर शिरतात.

तासगावची_ताई
उंदीर शिरेल एवढा बॉक्स नसतो तो, भाऊ.

कोयनाकाठ (कराड)
उंदरांचं खरंय. आमच्याकडं राउटरची वायर कुरतडली होती, म्हणून तर वायफाय घेतलं.

पेठेतला_पोरगा
अपडेट देतो. ताई, बरोबर ओळखलंत, जीभ नाहीच. प्लग आणि बॉक्सचं आप्पांना सांगितलं तर म्हणाले, ‘वायरमन परत नको.’ त्या पैशांचा राग अजून गेलेला नाही. पिंग फायरवॉलचा नियम चालू केल्यावर मस्त चाललं, पण दिवाणजी ती काळी खिडकी व्हायरस समजून बंद करतात. समजावून सांगितलं. परत बंद.

शेवटी आरसा आणला. इथंच पेठेतून, दीडशे रुपयांना. माळ्याच्या भिंतीला, स्विचच्या तोंडासमोर तिरका ठोकलाय. आता गादीवरून मान वर केली की आठही पोर्ट दिसतात. गोडाऊनचा डावीकडून पाचवा आहे, आरशात तो चौथा दिसतो, म्हणून त्याच्या डोक्यावर लाल टेप चिकटवलीय. लाल टेपखाली हिरवा दिवा नसला की दिवाणजी स्वतःच ओरडतात, ‘पोरा, वायर!’

रॅकवाला_कुपवाड
आरसा. मॅनेज्ड स्विच सांगितला आणि आरसा घेतला.

तासगावची_ताई
अहो, म्हणजे वायर निसटायची ती निसटतेच ना!

पेठेतला_पोरगा
निसटते, पण आता लगेच कळतं. @भडंगप्रेमी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पोत्याचा भाव बघा.

वाळव्याचा_वाघ
टेस्टर घेतला असता तर.

जुना_ऑपरेटर
आरसा चालेल, पण एक लक्षात ठेवा. गोडाऊनचा कॉम्प्युटर शटडाउन केलेला असला तरी पोर्टचा दिवा चालू राहू शकतो. वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून मशिन सुरू करायची सोय) चालू असलं की कार्डाला थोडी वीज मिळत राहते. दिवा आहे म्हणजे मशिन चालू आहे असं धरू नका.

पेठेतला_पोरगा
काका, मशिन बंद असलं तर हमालांना कळतं. त्यावर गाणी लावलेली असतात.