ओरडा खाऊन खेळाडू कणखर होतो?

"प्रशिक्षक कडक नसेल तर पदक मिळत नाही, ज्यांना झेपत नाही ते सोडतात" हे कुणीतरी लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. जे टिकले तेवढेच आपल्याला दिसतात, आणि तेही व्यासपीठावर उभे असताना. कडक सराव आणि छळ यात सरळ गल्लत होतेय.

ब्रिटिश जिम्नॅस्टिक्स या तिथल्या राष्ट्रीय संघटनेतल्या छळाच्या तक्रारींवरचा, वकील अ‍ॅन व्हाइट यांचा जून 2022 चा अहवाल जमल्यास वाचा. त्यांच्याकडे 400 हून जास्त निवेदनं आली. त्यात लैंगिक अत्याचार आहेतच, पण जास्त अंगावर येतात त्या रोजच्या गोष्टी: पुन्हापुन्हा वजन करणं, पाणी प्यायला किंवा बाथरूमला जाऊ न देणं, कुठे खाऊ लपवलाय का म्हणून मुलींच्या बॅगा तपासणं. (यातून कुठलं कौशल्य सुधारतं, देव जाणे.) बऱ्याच जणींचं खाण्याशी असलेलं नातं तेव्हाच बिघडलं, आणि खेळ सुटल्यावरही ते सुधारलं नाही. शिवाय निवड त्याच प्रशिक्षकाच्या हातात, त्यामुळे तक्रार करायची तर संघातली जागा पणाला लावूनच. म्हणून "तेव्हाच का नाही बोलली?" हा प्रश्न मला तरी फार स्वस्त वाटतो.