वयस्कर रुग्णांत अँटिबायोटिकमुळे हृदयाची लय बिघडणे : जाणकारांचे मत हवे आहे

नमस्कार. माझ्या आईचे वय ७९ आहे. हृदय अशक्त असल्यामुळे ती फ्युरोसेमाइड (लघवी वाढवून अंगातले जास्तीचे पाणी काढणारे औषध) घेते आणि नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅमही बरीच वर्षे चालू आहे. मध्यंतरी छातीत कफ होऊन ताप आला म्हणून तिला अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिले होते. ते सुरू असतानाच एके दुपारी खुर्चीतून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि छातीत धडधडू लागले. ईसीजीत क्यूटीसी (ठोक्याची विद्युत क्रिया सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा ‘क्यूटी’ वेळ, नाडीच्या वेगानुसार जुळवून घेतलेला) ५१० मिलिसेकंद निघाला आणि रक्तातील पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी होते. अझिथ्रोमायसिन थांबवून पोटॅशियम व मॅग्नेशियम दिल्यावर ईसीजी सुधारला.

हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले की प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते व त्या पुढच्या ठोक्यासाठी तयार होतात. अझिथ्रोमायसिन नेमकी तीच वाट अडवते, त्यामुळे क्यूटी लांबतो आणि ५०० च्या पुढे गेल्यास टॉर्साड नावाची जीवघेणी अनियमितता उद्भवण्याचा धोका बराच वाढतो. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम आधीच उतरले होते, एस्सिटालोप्रॅम स्वतःही क्यूटी लांबवते, शिवाय स्त्रियांमध्ये आणि उतारवयात हा धोका अधिक असतो. एकेकटे पाहिले तर यातले कोणतेही औषध चुकीचे नव्हते, पण सगळी एकत्र कोणी तपासलीच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

आता तिला लघवीचा संसर्ग झाला आहे आणि दुसऱ्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सॅसिन लिहून दिले आहे. ते ज्या फ्लुरोक्विनोलोन गटातले अँटिबायोटिक आहे, त्यातली औषधेही क्यूटी लांबवतात, असे वाचल्यामुळे मी अजून गोळी सुरू केलेली नाही. आज संध्याकाळी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलायचे आहे. लघवीच्या कल्चरचा (जंतू कोणता व त्यावर कोणते औषध लागू पडते, या तपासणीचा) अहवाल यायचा आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.४ आहे, ताप नाही.

लिव्होफ्लॉक्सॅसिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने तिच्या बाबतीत ते शरीरात साचून राहण्याची भीती कितपत आहे? हेच औषध द्यावे लागले तर आधी ईसीजी व पोटॅशियम तपासून, सुरू केल्यावर पुन्हा ईसीजी केव्हा काढावा? सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांचा क्यूटीवर सहसा परिणाम होत नाही, तेव्हा कल्चरमध्ये त्यातले एखादे लागू पडल्यास ते मागणे योग्य ठरेल का? एस्सिटालोप्रॅम आपणहून बंद करू नये हे मला ठाऊक आहे, परंतु त्याऐवजी हृदयाला कमी त्रासदायक असे दुसरे औषध कोणाच्या घरी सुरू केले असल्यास तो अनुभवही कृपया लिहावा.