मदत हवी आहे: मणिपूरच्या छावणीतल्या मुलांची चित्रं पलीकडे पाठवताना

चुराचांदपूरच्या एका मदत छावणीत आमचा चर्चचा गट कुकी मुलांचे संध्याकाळचे वर्ग घेतो. मे २०२३ च्या कुकी-मैतेई हिंसाचारात यांची घरं गेली. इंफाळकडच्या छावणीतल्या मैतेई मुलांची घरंही गेलीच आहेत, म्हणून दोघांत चित्रांची देवाणघेवाण ठरवतोय. प्रत्यक्ष भेट सध्या अशक्य. ने-आण करायला एक नागा, म्हणजे दोन्ही समाजांबाहेरचे, पाळक (पास्टर) तयार आहेत. नावं, गावं, फोटो काहीच जाणार नाही, धर्मप्रचारही नाही. दोन्हीकडच्या पालकांशी बोललो, बहुतेक राजी आहेत.

अडलंय एका चित्रावर. नऊ वर्षांची मुलगी दरवेळी जळतं घरच काढते, दार काळ्या खडूने गिरवते आणि 'हेच पाठवा' म्हणते. समुपदेशक इथे नाही. संघर्षात होरपळलेल्या मुलांसोबत काम केलेल्यांनी सांगा: ते चित्र पाठवावं का? आणि नाही, तर तिला काय सांगावं?