मदत हवी आहे: मॅस्टोडॉनच्या इनबॉक्सला ४०१, बाहेरचं काहीच आत येईना

कंबरतलाव:
सोलापुरी चादरी-टॉवेलांच्या नक्ष्या, जुने जकार्ड माग, विणकामातले शब्द हे सगळं मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत एका जागी साठावं म्हणून मॅस्टोडॉनचा (एकमेकांशी बोलणाऱ्या स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं समाजमाध्यम) छोटा सर्व्हर उभा केलाय. आतल्या आत सगळं नीट चालतं. बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं मात्र एकतर्फी झालंय.

मांडणी अशी: घरी मिनी पीसी, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, डेबियन १२, मॅस्टोडॉन ४.३, डॉकर नाही. फायबर आहे, पण राउटरमध्ये वॅनचा आयपी १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला). पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही. म्हणून मुंबईत १ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय आणि घरापासून तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाकलाय. टीएलएस (एचटीटीपीएसचं कूटलेखन) व्हीपीएसवरच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर संपतं. तिथून साधं एचटीटीपी बोगद्यातून घरच्या एनजिनएक्सकडे, आणि पुढे मॅस्टोडॉनच्या प्युमा या अ‍ॅप सर्व्हरला पोर्ट ३००० वर, स्ट्रीमिंगला ४००० वर.

लोकल डोमेन म्हणून मूळ डोमेन दिलंय, वेब डोमेन म्हणून 'सोशल' हे उपडोमेन. मूळ डोमेनवरची वेबफिंगरची (खातं शोधण्याची) विनंती ३०१ ने उपडोमेनकडे वळते, तपासलंय.

काय होतं: बाहेरून आमचं खातं शोधलं तर सापडतं. आम्ही बाहेरच्या कुणाचा उल्लेख करून लिहिलं तर त्यांना पोचतं. पण आम्ही कुणाला फॉलो केलं की विनंती 'प्रलंबित' राहते ती राहतेच. त्यांनी आम्हाला केलं तरी तेच. उत्तरं येत नाहीत. व्हीपीएसच्या लॉगमध्ये इनबॉक्सवर (बाहेरच्या सर्व्हरचे संदेश घेणारा पत्ता) येणाऱ्या प्रत्येक पोस्ट विनंतीला ४०१ (ओळख अमान्य). ब्राउझरमधून लॉगिन, लिहिणं, वाचणं यात काही अडचण नाही. कुठं बघू?

शेंगाचटणी:
आधी घड्याळ बघा. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या डिजिटल सहीसोबत येणारी तारीख आपल्या घड्याळापासून फार लांबची वाटली तर मॅस्टोडॉन विनंती नाकारतो. मिनी पीसीचा सीमॉसचा सेल उतरलेला असेल तर वीज गेल्यावर घड्याळ मागं जातं आणि इनबॉक्सला असेच ४०१ दिसू शकतात.

दुसरं, साइडकिक (मागची कामं रांगेतून उपसणारा प्रोग्रॅम) सगळ्या रांगांसाठी चालू आहे का? इन्ग्रेस नावाची रांग कुणी उपसत नसेल तर आलेलं सगळं तिथंच पडून राहतं.

कंबरतलाव:
घड्याळ एनटीपीशी जुळलेलं आहे, घरी आणि व्हीपीएसवरही. साइडकिकची एकच प्रक्रिया आहे, सर्व रांगा तिच्यात. इन्ग्रेस रिकामी.

भुईकोट:
साइडकिक सोडून द्या. इनबॉक्सने सही मान्य केली की तो २०२ (स्वीकारलं) देतो आणि मग काम रांगेत टाकतो. तुम्हाला ४०१ येतोय, म्हणजे गाडी रांगेपर्यंत पोचतच नाही. सही तपासतानाच अडतंय.

४०१ ची कारणं मोजकी आहेत आणि मॅस्टोडॉन नेमकं कोणतं ते उत्तराच्या मजकुरात सांगतो. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये तो मजकूर उमटत नाही, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तुमच्या बोगद्यात साधं एचटीटीपी आहे ते इथं कामाला येईल. घरच्या मशिनवर टीसीपीडंप (नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारं साधन) लावा: इंटरफेस वायरगार्डचा, पोर्ट ८०, आणि मजकूर अक्षरांत दाखवणारा मोठ्या ए चा पर्याय. मग बाहेरच्या खात्यावरून फॉलोची विनंती पाठवा. दोन गोष्टी इथं टाका: आत आलेल्या विनंतीतली होस्टची ओळ आणि ४०१ च्या मजकुरातला 'एरर'.

तारखेचा घोळ असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पब्लिक की सापडली नाही असं म्हणत असेल तर तुमचा सर्व्हर पाठवणाऱ्याकडे जाऊन त्याची किल्ली आणू शकत नाहीये. तेव्हा घरचं डीएनएस आणि अर्धवट चालणारं आयपीव्ही६ तपासायचं. आणि 'व्हेरिफिकेशन फेल्ड' असेल तर किल्ली मिळालीय, पण सही ज्या मजकुरावर झाली तो वाटेत बदललाय.

कंबरतलाव:
'व्हेरिफिकेशन फेल्ड' आहे, पुढे पाठवणाऱ्या खात्याचं नाव. खाली 'साइन्ड स्ट्रिंग' म्हणून चार ओळी: रिक्वेस्ट-टार्गेट, होस्ट, डेट, डायजेस्ट. होस्टच्या ओळीत मूळ डोमेन दिसतंय, 'सोशल' नाही. आत आलेल्या विनंतीतही तेच.

भुईकोट:
सापडलं. पाठवणारा सर्व्हर सही करतो तेव्हा होस्ट म्हणून 'सोशल' उपडोमेन लिहितो, कारण तुमच्या इनबॉक्सचा पत्ता तोच आहे. तुमचा मॅस्टोडॉन तीच सही पडताळायला मजकूर पुन्हा जुळवतो, पण स्वतःकडे आलेल्या हेडरवरून. त्यात मूळ डोमेन. एक शब्द वेगळा, सही खोटी.

फसवं आहे ते असं: होस्टमध्ये भलतंच काही, समजा १२७.०.०.१, आलं असतं तर रेल्सने (मॅस्टोडॉन ज्यावर बांधलाय ती चौकट) ४०३ देऊन 'ब्लॉक्ड होस्ट्स' असं लॉगमध्ये छापलं असतं आणि लगेच कळलं असतं. मूळ डोमेन हे लोकल डोमेन म्हणून परवानगीच्या यादीत आहेच, त्यामुळे पहिल्या दारातून ते सुटतं आणि सहीपाशी अडतं.

लॉगिन नीट चालतं म्हणजे होस्ट सगळीकडे बिघडलेलं नाही. तसं असतं तर फॉर्म पाठवतानाच ४२२ आला असता. फक्त इनबॉक्सपुरतं बिघडलंय. व्हीपीएसवर एनजिनएक्स मोठ्या टी च्या पर्यायासह चालवा, सगळी कॉन्फिग जोडून समोर येते. त्यात इनबॉक्ससाठी वेगळा लोकेशन ब्लॉक आहे का बघा.

कंबरतलाव:
आहे. विनंत्यांच्या वेगावर मर्यादा घालायला केलेला. त्यात प्रॉक्सी-सेट-हेडरची एकच ओळ आहे, होस्टसमोर मूळ डोमेन थेट लिहिलेलं. वेबफिंगरच्या ब्लॉकवरून उतरवलेली दिसतेय. पण वरच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये होस्टची बरोबर ओळ आहे, शिवाय बाकीचे हेडरही आहेत.

भुईकोट:
वरच्या ओळी त्या ब्लॉकला लागूच होत नाहीत. एनजिनएक्सचा नियम: आतल्या पातळीवर प्रॉक्सी-सेट-हेडरची एक जरी ओळ असली तरी वरच्या पातळीवरच्या सगळ्या प्रॉक्सी-सेट-हेडर ओळी तिथं रद्द. त्यामुळे त्या ब्लॉकमध्ये होस्ट तर चुकीचा आहेच, एक्स-फॉरवर्डेड-फॉरही गायब आहे. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो तुम्ही घरच्या एनजिनएक्सवर 'एचटीटीपीएस' असं ठाम लिहिलेलं असणार, नाहीतर ४०१ ऐवजी एचटीटीपीएसकडे वळवणारे रीडायरेक्ट दिसले असते.

दुरुस्ती: त्या ब्लॉकमधली ती ओळ काढा, म्हणजे वरच्या सगळ्या पुन्हा लागू होतील. किंवा सर्व हेडरच्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून प्रत्येक लोकेशनमध्ये इन्क्लूड करा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण पुढे कुणी आणखी एक हेडर वाढवला तरी हा खड्डा पुन्हा पडत नाही. होस्टची किंमत नेहमी एनजिनएक्सचं होस्ट हे चल, डोमेनचं नाव कधीच थेट नाही. हेच घरच्या एनजिनएक्सवरही. छोट्या टी ने तपासा, मग रीलोड. आणि सामायिक इनबॉक्स व प्रत्येक खात्याचा इनबॉक्स हे दोन वेगळे पत्ते आहेत. दोन्हींवर २०२ येतोय ना, ते बघा.

कंबरतलाव:
ओळ काढली, रीलोड केलं, दोन्हींवर २०२. नवीन फॉलो लगेच मंजूर झाले. मधल्या काळातल्या उत्तरांचं काय? आणि मागाच्या नमुन्यांचे मोठे फोटो टाकताना ४१३ (विनंती फार मोठी) येतो, घरच्या एनजिनएक्सवर मर्यादा ९९ एमबी असूनही.

शेंगाचटणी:
४१३ साठी व्हीपीएसवरही क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइज तेवढंच ठेवा. न लिहिल्यास १ एमबी धरलं जातं आणि विनंती घरापर्यंत येतच नाही. फोटोला मॅस्टोडॉनची स्वतःची मर्यादा १६ एमबी आहे.

फोटोंचंच चाललंय तर सांगतो, व्हीपीएसवर 'सिस्टम' फोल्डरच्या मीडियासाठी प्रॉक्सी कॅश लावाच. एखादी पोस्ट बूस्ट झाली की बरेच सर्व्हर एकदम फोटो मागतात आणि तो सगळा भार घरच्या अपलोडवर येतो. कॅश फक्त मीडियाला. पोस्ट आणि प्रोफाइलच्या पत्त्यांना नको, कारण तोच पत्ता ब्राउझरला एचटीएमएल देतो आणि सर्व्हरला जेसन. कॅशने एकाचं दुसऱ्याला दिलं की फेडरेशन (सर्व्हरांमधली देवाणघेवाण) पुन्हा तुटलं.

भुईकोट:
मधल्या काळातलं बरंचसं आपोआप येईल. पाठवणारा मॅस्टोडॉन ४००च्या घरातल्या बहुतेक उत्तरांवर काम सोडून देतो, पण ४०१, ४०८ आणि ४२९ ला अपवाद ठेवलाय. तिथं तो १६ वेळा, अंतर वाढवत, साधारण दोन दिवस पुन्हा पाठवतो. त्याहून जुनी उत्तरं हवी असतील तर त्या पोस्टचा पत्ता तुमच्या शोधपट्टीत चिकटवा, ती आत ओढली जाते. प्रलंबित अडकलेले जुने फॉलो रद्द करून पुन्हा पाठवा.

सात वेगवेगळ्या दिवशी अपयश नोंदलं गेलेले सर्व्हर तुमच्याकडे पाठवणंच थांबवतात. तुमच्या बाजूने तिकडे काही पोचलं की ते पुन्हा सुरू होतं. म्हणून जिथले लोक गप्प वाटतात तिथं एकेक उल्लेख पाठवून द्या.

होटगीरोड:
वीज गेली-आली की बोगदा आपोआप उभा राहतो का, ते उन्हाळ्याआधी तपासून ठेवा. मिनी पीसी फायबरच्या डब्यापेक्षा आधी चालू होतो. वायरगार्डच्या एंडपॉइंटमध्ये व्हीपीएसचं नाव लिहिलं असेल तर त्या क्षणी डीएनएस नसतं, सेवा अडकू किंवा पडू शकते आणि तशीच राहते. तिथं थेट आयपी लिहा, आणि घरच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपणहून सुरू होण्याची सोय चालू करा. यूपीएसवर नुसता मिनी पीसी नको. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच्यावर हवा.

मिनी पीसी बंद कपाटात ठेवू नका. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, आणि फोटो-व्हिडिओ रूपांतराच्या वेळी प्रोसेसर तापला की स्वतःहून मंदावतो; मग रांग तुंबलेली दिसते आणि दोष साइडकिकला जातो.

कंबरतलाव:
एंडपॉइंटला नावच होतं, आता आयपी लिहिलाय. बॅकअपमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप रोज जातो. आणखी काय लागतं?

भुईकोट:
एन्व्ह-प्रॉडक्शन ही मॅस्टोडॉनच्या सेटिंग्जची फाइल, डंपपासून वेगळ्या जागी. तिच्यात सीक्रेट की बेस आणि व्हॅपिडच्या (पुश सूचनांच्या) किल्ल्यांशिवाय ४.३ पासून अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड एन्क्रिप्शनच्या तीन किमती असतात. त्या गेल्या तर डंप परत चढतो, पण त्यांनी बंद केलेला मजकूर उघडत नाही. 'सिस्टम' फोल्डरमधला कॅश भाग सोडून बाकी मीडियाही घ्या. तुमच्या नक्ष्यांचे मूळ फोटो तिथंच आहेत.