ओम्नीच्या टपावर आडवे बार बसवायचेत, क्लॅम्प कसा करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी अंबड तालुक्यात बोअरच्या मोटारी काढायचं-सोडायचं काम करतो. गाडी ओम्नी, २०११ची. उन्हाळा लागला की पाणी खाली जातं आणि मोटार आणखी चाळीस-साठ फूट खाली सोडावी लागते. म्हणजे दहा फुटी चार ते सहा पाईप जास्तीचे न्यायचे, वर शिडी. पाईप आतून नेले तर मागचं दार लागत नाही आणि पुढचं टोक कोपराला घासतं. म्हणून टपावर दोन आडवे बार हवेत. टोपलीवाला तयार कॅरियर नको, त्याचं ओझंच जास्त.

गेल्या महिन्यात एकाकडून करून घेतले होते. एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, टोकांना ३ मिमी पट्टीचे वाकवलेले हूक, आणि ते हूक टपाच्या कडेच्या पन्हळीत अडकवलेले. वडीगोद्रीकडून येताना कुत्रं आडवं आलं, मी करकचून ब्रेक दाबला. बारसकट सगळं हातभर पुढे सरकलं आणि दोन पाईप काचेवरून रस्त्यावर गेले. कुणाला लागलं नाही. पण थोडं आधीच माझ्या पुढची मोटारसायकल शेताच्या वाटेला वळली होती, तिच्यावर नवरा-बायको आणि मधे लेकरू. ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी येऊन पाहिलं तर उजवा हूक उलगडलेला, पन्हळीचा काठ बोटभर चपटा झालेला, रंगाचा पापुद्रा निघून पत्रा उघडा पडलेला. बार मात्र जराही वाकले नव्हते. आता जाड चौकोनी पाईप घ्यावा का? टपाला भोकं पाडून बोल्ट मारावेत का? सगळं ओझं साठ किलोच्या आतच असतं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

भाऊ, जालन्यात माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, तीस वर्षं झाली. आधी एक सांगतो, टपाला भोक अजिबात पाडू नका. पाणी मुरेल, आणि तो पातळ पत्रा बोल्ट धरून ठेवणार नाही.

बारही बदलू नका. एक इंची पाईप निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जाडीचा असेल तर मीटरला साधारण २.४ किलो भरतो. टपाच्या रुंदीवर साठ किलो त्याला काहीच नाही. तुमच्याकडे बार टिकला आणि पकड सुटली. हूक नुसता अडकलेला होता, आवळलेला नव्हता. साठ किलोवर जोरात ब्रेक लागला की चाळीस-पंचेचाळीस किलोचा धक्का पुढे बसतो, आणि तो सगळा त्या हुकावर आला.

क्लॅम्प दोन तुकड्यांचा करा. एक पाय पन्हळीच्या तळावर बसला पाहिजे, ५ मिमी पट्टीचा, निदान चार इंच लांब, म्हणजे वजन पसरतं. दुसरी पट्टी बाहेरून, काठाच्या खालून वर पकडणारी. दोन्हींतून ८ मिमीचे दोन हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे) बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. मधे ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, पत्रा खरवडणार नाही. बार टपापासून दीड इंच वर राहिला पाहिजे, भार आल्यावरही पत्र्याला टेकता कामा नये. आणि चपटा झालेला काठ आधी सरळ करून, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा रंग) मारून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरेल.

वेल्डिंगआधी जीआयवरचं जस्त ग्राइंडरने दोन इंच काढून टाका. त्याचा पांढरा धूर पोटात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या पोरांना मी उघड्यावरच, वाऱ्याकडे पाठ करून उभं करतो.

प्रश्नकर्ता

काका, लई आभार. मी उगंच जाड पाईपच्या मागे लागलो होतो. दोन बारमधलं अंतर किती ठेवू? आणि पाईप बांधायचे कसे? आतापर्यंत सुतळी आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरायचो.

प्रतिसाद १

ट्यूब ताणते, म्हणून ती बांधायला नको. रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा पट्टा घ्या, प्रत्येक बारवर एक. दहा फुटी पाईपला दोन बारमधे पाच-सहा फूट अंतर पाहिजे, पन्हळ जिथवर जाईल तिथवर लांब न्या. शिवाय पाईपच्या मागच्या टोकाला एक दोरी मागे ताणून बांधा, ब्रेकला तीच पुढे जाऊ देत नाही. पुढच्या टोकाची दोरी वाऱ्याने उचलू नये म्हणून, ती दोन्ही बाजूंना खाली न्या.

माल बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर २०१९ नंतरच्या कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. तुमची ओम्नी ३.३७ मीटर लांब, पाईप तीन मीटर, त्यामुळे नीट मधे ठेवलात तर लांबीत मावतो. सहा मीटरचे पीव्हीसी कुणी न्यायला सांगितले तर टेम्पो करा.

आणि रिकामा बार वाऱ्याने घुमतो, आवाज येईल. त्यावर सुती दोरी मळसूत्रासारखी, चार-चार बोटांवर गुंडाळा. घुमणं थांबतं.

प्रश्नकर्ता

रविवारी करून घेतो, फोटो टाकतो. फक्त पुढे बांधायला गाडीला हूक उरलेला नाही. बंपरला बांधलं तर?

प्रतिसाद १

बंपरच्या प्लास्टिकला नाही. आतली लोखंडी ब्रॅकेट आहे, तिला बांधा. वीस किलोमीटर गेलात की गाडी बाजूला घेऊन चारही क्लॅम्पचे नट एकदा पान्याने बघा, पहिल्या दिवशी रबर दबून ते सैल पडतात.